पहिलीच्या बाई, पंचविशीतला पगार आणि मधली गायब वर्षं

दशमान (धागाकर्ता)

'पहिलीला बाई चांगल्या मिळाल्या म्हणून पोरगं मार्गी लागलं' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. हे तपासायला गेलं की गोची होते. चांगल्या बाई बहुधा चांगल्या शाळेत असतात आणि चांगल्या शाळेत धडपड्या आईबापांची पोरं असतात. मग श्रेय कुणाला द्यायचं? खात्रीचा उपाय एकच: मुलं आणि शिक्षक दोन्ही चिठ्ठ्या टाकून वर्गांत वाटायचे.

अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात हे खरोखर झालं. 'स्टार' नावाचा प्रकल्प, ७९ शाळा, साधारण ११,६०० मुलं, किंडरगार्टन (वय ५) ते तिसरी. १३ ते १७ मुलांचे लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचे नेहमीचे वर्ग, आणि नेहमीच्या पटाचे पण मदतनीस दिलेले वर्ग, असे तीन प्रकार. तपासायची होती पटसंख्या. पण वाटप चिठ्ठ्यांनी झाल्यामुळे वर्ग-वर्गातला फरकही आयता मोजता आला.

२०११ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी याच मुलांची नावं प्राप्तिकराच्या नोंदींशी जोडली. तोवर मुलं पंचविशी-सत्ताविशीची झाली होती. किंडरगार्टनला ज्यांची शिक्षिका दहा वर्षांहून जास्त अनुभवी होती, त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा वर्षाला १,०९३ डॉलरनी, म्हणजे सुमारे ६.९ टक्क्यांनी जास्त निघाली.

खरी मेख मधल्या वर्षांत आहे. किंडरगार्टनअखेर चांगल्या वर्गातली मुलं चाचणीत पुढे होती. चौथी ते आठवीच्या चाचण्यांत ती आघाडी जवळजवळ पुसली गेली. आणि कमाईत ती पुन्हा दिसली. मधली वर्षं परिणाम कुठे होता?

एक सावधगिरी आधीच नोंदवतो. अनुभवी शिक्षिका कोणत्या मुलांना मिळाली हे चिठ्ठीने ठरलं, पण तिला अनुभव चिठ्ठीने मिळालेला नव्हता. दहा वर्षं टिकलेली बाई इतर बाबतींतही वेगळी असू शकते. शिवाय जी मुलं प्रकल्पात पहिली ते तिसरीत दाखल झाली, त्यांच्या कमाईत शिक्षकाच्या अनुभवाचा असा ठळक परिणाम दिसला नाही. म्हणून 'सगळीकडे ज्येष्ठ शिक्षक नेमा' एवढा सोपा निष्कर्ष काढू नये.

---

सह्याद्रीवारा

चाचणीतला परिणाम पुसला जातो हे बऱ्याच अभ्यासांत आलंय. शिक्षकामुळे वाढलेल्या गुणांतला साधारण पाव हिस्साच वर्षभराने शिल्लक दिसतो. मग १९९६ च्या सँडर्स आणि रिव्हर्स यांच्या आकड्याचं काय करायचं? तोही टेनेसीचाच. सारख्या पातळीवरून निघालेली मुलं. एका गटाला सलग तीन वर्षं सर्वांत प्रभावी शिक्षक आणि दुसऱ्याला सलग तीन वर्षं सर्वांत कमी प्रभावी शिक्षक मिळाले, तर गणितात सुमारे ५० शतमकांची (शंभर मुलांच्या गुणवार रांगेत जवळपास ५० जागांची) दरी पडते, असा तो हिशेब. प्रशिक्षणांत ही स्लाइड अजून फिरते.

---

दशमान

ती स्लाइड आता निवृत्त करायला हवी. त्या अभ्यासात मुलं चिठ्ठ्यांनी वाटलेली नव्हती. आणि पहिल्या वर्षाची वाढ दुसऱ्या वर्षी तीन चतुर्थांश विरत असेल तर तीन वर्षांच्या वाढी एकावर एक रचता येत नाहीत. शिक्षकांचा परिणाम साठतो ही दिशा बरोबर असेल, पण ५० चा आकडा छातीठोकपणे सांगण्याजोगा नाही.

त्यापेक्षा भक्कम काम २०१४ चं आहे: चेट्टी, फ्रीडमन आणि रॉकॉफ. एका मोठ्या शहराची २५ लाख मुलं, तिसरी ते आठवीचे शिक्षक. एका इयत्तेत सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलन (सरासरीभोवती आकडे किती पसरलेत त्याचं माप) सरस शिक्षक मिळाला तर २८ व्या वर्षी कमाई सुमारे १.३ टक्के जास्त. एका मुलापुरतं हे किरकोळ वाटतं. पण वर्गभर मुलांची आयुष्यभराची कमाई धरली की रक्कम मोठी होते. यावरही वाद झाला. जेसी रॉथस्टीन यांचा आक्षेप असा, की मुलं शिक्षकांकडे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी, जात नाहीत आणि त्याचा हिशेब पुरता लागलेला नाही.

---

खडू_फळा

आकडे झाले, आता वर्गात या. परिणाम विरतो कसा, हे दुसरीच्या वर्गात जूनमध्ये डोळ्यांनी दिसतं.

पहिलीच्या एका तुकडीला बाईंनी डिसेंबरातच छोटी वाक्यं वाचायला शिकवलं. दुसऱ्या तुकडीची निम्मी मुलं अक्षरांवर अडकलेली. दुसरीत दोन्ही तुकड्या एकत्र झाल्या. दुसरीचे गुरुजी काय करणार? जे अडलेत त्यांना धरून पहिल्यापासून मुळाक्षरं घेणार. वाचणारी पोरं दोन-तीन महिने जे येतं तेच गिरवत बसतात. दिवाळीपर्यंत दोघांचे गुण जवळ येतात आणि कागदावर 'परिणाम विरला' दिसतो. पुढे गेलेलं मूल मागे आलेलं नसतं, त्याला थांबवून ठेवलेलं असतं.

दुसरं कारण चाचणीचं. पहिलीची चाचणी अक्षर-शब्द विचारते, चौथीची उताऱ्याचा अर्थ विचारते. मोजायची गोष्टच बदलली, तर जुनी आघाडी नव्या फूटपट्टीवर कशी दिसणार?

तिसरं कारण आपलं आपण ओढवलेलं. पायाभूत चाचणी (वर्षाच्या सुरुवातीची सरकारी चाचणी) जवळ आली की आठवडाभर तसल्याच प्रश्नांचा सराव. तो खरोखर विरतो आणि विरावाच.

---

रेघोटी

विरण्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. 'प्रथम' या शिक्षणसंस्थेचा बालसखी कार्यक्रम: २००१ ते २००४ दरम्यान मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत त्याची चिठ्ठ्यांनी चाचणी झाली (बॅनर्जी, कोल, डुफ्लो, लिंडन, निबंध २००७ चा). तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर न्यायची. १५ ते २० जणांचा गट, आणि शिकवायला वस्तीतलीच, शाळा पुरी केलेली मुलगी. मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये. दुसऱ्या वर्षाअखेर वाढ ०.२८ प्रमाण विचलन, आणि ती बहुतेक बाहेर नेलेल्या मुलांतच. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिलं तर उरली साधारण ०.१.

म्हणजे परिणाम घटला, पण शून्य झाला नाही. मधली वर्षं गायब होण्यामागे परिणाम नसणं हे कारण असतंच असं नाही. मूल जिथे परत गेलं त्या वर्गात त्याच्या पातळीचं काही चाललंय का, हे बघावं लागतं.

---

अंकगणेश

खडू_फळा आणि रेघोटी दोघांनाही +१. पण मग कमाईत परिणाम पुन्हा कसा उगवला? 'स्टार'मध्येच एक धागा मिळतो. चौथी आणि आठवीत शिक्षकांना काही मुलांबद्दल विचारलं होतं: मूल प्रयत्न किती करतं, आपणहून पुढे येतं का, वर्गात व्यत्यय आणतं का, अभ्यासाला किंमत देतं का. किंडरगार्टनच्या चांगल्या वर्गाचा ठसा गुणांतून गेला तरी या सवयींत दिसत होता. संशोधकांनी परिणाम पुन्हा उगवण्याचं कारण म्हणून याच सवयींकडे बोट दाखवलंय.

एक पथ्य: तिथे 'वर्गाची प्रत' वर्षअखेरच्या वर्गसोबत्यांच्या गुणांवरून मोजली होती. त्यात शिक्षक येतो, तसे सोबतीही येतात. प्रत एक प्रमाण विचलन वाढली की कमाई ९.६ टक्के वाढते, हा आकडा सगळाच्या सगळा बाईंच्या नावे लिहू नका.

---

मोरपीस

पालक म्हणून विचारते. मुलगी पहिलीत आहे, जिल्हा परिषदेची शाळा. पाया पक्का होतोय की नुसतं पाठांतर चाललंय, हे घरी कसं ओळखायचं?

---

खडू_फळा

मोरपीस ताई, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

वाचनासाठी 'असर'ची (ग्रामीण मुलांचं वाचन-गणित घरोघर तपासणारं सर्वेक्षण) पद्धत वापरा. चार पायऱ्या: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. अडखळत, शब्द तोडत वाचला किंवा तीनपेक्षा जास्त चुका झाल्या तर खाली शब्दांवर या. पाचपैकी चार शब्द आले तर मूल शब्द-पातळीवर. नाही आले तर अक्षरांवर, तिथेही पाचपैकी चार. परिच्छेद सरळ वाचला तर गोष्टीकडे जा. मजकूर पाठ्यपुस्तकातला अजिबात नको, तो ऐकून ऐकून पाठ झालेला असतो.

यात एक चाळणी आणखी घाला: अर्थ नसलेले शब्द. 'गामल', 'किनाप', 'तुसेर'. 'कमल' हे चित्र पाहून किंवा 'क'वरून अंदाजाने म्हणता येतं, 'किनाप' नाही म्हणता येत. मूल 'किनाप'ला 'कानाप' म्हणालं तर काना आणि वेलांटीची गल्लत आहे. 'तुसेर'चं 'तसेर' झालं तर उकार नजरेतून सुटतोय. चूक कुठली ते कळलं की उपायही तिथेच सापडतो.

जिथे पोरं हमखास अडतात: घ-ध, भ-म, थ-य, ब-व. या जोड्या एकाच आठवड्यात शिकवल्या की गोंधळ पक्का बसतो. एक अक्षर मुरल्यावर, मध्ये दोन-तीन आठवडे सोडून दुसरं घ्यायचं.

---

सह्याद्रीवारा

अ ते ज्ञ क्रमाने शिकवण्याबद्दल काय मत? बऱ्याच घरांत अजून तोच आग्रह असतो. तक्ता भिंतीवर आणि पोर तक्त्यासमोर.

---

खडू_फळा

क्रम म्हणायला शिकवा, छानच आहे. वाचायला मात्र गट करून घ्या. क, म, ल, ग, न आणि काना एवढ्यावर काम, कान, मान, नाक, गाल, माल, लगाम, कमान असे शब्द दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मूल स्वतः वाचतं. क्रमाने गेलं तर ङ, ञ, ण यांच्यापाशी दिवस जातात आणि वाचायला शब्दच नसतो.

दुसरी नेहमीची फसगत म्हणजे बाराखडी घडाघड येते, पण मधल्याच 'के'वर बोट ठेवलं तर मूल 'क, का, कि, की' करत मोजत तिथवर पोचतं. त्याला बाराखडीची चाल येते, चिन्ह येत नाही. तक्ता उलटा, तिरका, मधूनच विचारत राहायचं. जोडाक्षरं आणि र चे प्रकार (सूर्य, चक्र, ट्रक) दुसरीत सावकाश. आणि पहिलीच्या लेखनात ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई नको; 'पाणि' लिहिणाऱ्या पोराने प आणि ण ओळखलेत, ते आधी पदरात घ्या.

---

अंकगणेश

गणिताची बाजू मी लिहितो, कारण चौथीतली अर्धी दुखणी दुसरीच्या दशक-एककात असतात.

४२ − १७ द्या. उत्तर ३५ आलं तर मुलाने प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान वजा केलंय: ७ मधून २, ४ मधून १. हा निष्काळजीपणा धरू नका, तो त्या मुलाचा पक्का नियम आहे. 'नीट बघून कर' म्हणून जात नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा. ४२ म्हणजे ४ गठ्ठे २ सुट्या. ७ सुट्या द्यायच्या आहेत, आहेत दोनच. मुलाने स्वतःच्या हाताने एक गठ्ठा सोडायचा: आता ३ गठ्ठे १२ सुट्या. ७ काढल्या, ५ उरल्या. एक गठ्ठा काढला, २ उरले. २५. प्रत्येक कृतीसोबत वहीत तीच खूण: ४ खोडून ३, २ च्या जागी १२. काड्या एका दिवशी आणि वहीतली मांडणी पुढच्या आठवड्यात, असं केलं की दोन्हींचा सांधा तुटतो. वर्गात सगळ्यात जास्त चुकतं ते इथे, कारण बाई गठ्ठा सोडून दाखवतात आणि चाळीस डोळे बघतात. सोडायचा मुलाने असतो.

आकडे ऐकून लिहिण्यात आणखी एक खड्डा. 'बेचाळीस'मध्ये दोन आधी ऐकू येतात, म्हणून २४. 'एकोणतीस' ऐकून ३९, 'एकोणपन्नास' ऐकून ५९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन'सारखी रूपं आली तेव्हा टिंगल फार झाली, पण ज्याने दुसरीच्या वह्या तपासल्यात तो हसणार नाही. दोन्ही नावं शेजारी ठेवून शिकवली तर १९, २९, ३९ ची ओळ लवकर सुटते. एकोण-वाले आठ आकडे वेगळे काढून (१९ ते ८९) रोज पाच श्रुतलेखनाला घ्या. नव्व्याण्णव त्या टोळीत नाही हेही सांगा.

---

तिसरीघंटा

निपुण भारतच्या (वाचन-गणिताच्या पायासाठीचं केंद्राचं अभियान) उद्दिष्टात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द, तेही समजून, असं आहे. मराठीत 'घरासमोरच्या' हा एक शब्द, इंग्रजीत त्याचे पाच होतात. एकच आकडा सगळ्या भाषांना लावणं मला पटत नाही. २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात तिसरीसाठी भाषेगणिक वेगळे मापदंड ठरवले, ते जास्त शहाणपणाचं.

मोजायचंच तर नवा उतारा, एक मिनिट, बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि लगेच तीन-चार प्रश्न विचारा, त्यातला एक तरी 'का'चा. घड्याळ मुलासमोर धरू नका. ते शर्यत लावतं आणि विरामचिन्हं खाऊन टाकतं.

---

सह्याद्रीवारा

या सगळ्यावरून शिक्षकाचं मूल्यमापन करायचं का? 'अमक्या गुरुजींमुळे वर्ग इतका वाढला' असं केंद्रावर (आसपासच्या शाळांच्या बैठकीत) मांडता येईल?

---

दशमान

जपून. पद्धत अशी: मागच्या वर्षीच्या गुणांवरून प्रत्येक मुलाचे अपेक्षित गुण काढायचे, प्रत्यक्ष गुणांतून ते वजा करायचे, वर्गाची सरासरी घ्यायची. आता आडाखा बघा. अपेक्षेपासून एकेका मुलाची चढउतार १२ गुणांची धरली तर २५ मुलांच्या सरासरीत १२ ÷ ५ (२५ चं वर्गमूळ), म्हणजे २.४ गुणांची अनिश्चितता. पट ९ असेल तर १२ ÷ ३ = ४. दुप्पट करून पट्टा धरायचा म्हणजे ९ मुलांच्या वर्गात दोन्हीकडे ८ गुण. वाडीवस्तीवरच्या शाळेत एका वर्षाच्या आकड्यावरून गुरुजींना शाबासकी किंवा नोटीस देणं म्हणजे नाणेफेक. तीन वर्षं एकत्र करा, आणि तरीही द्विशिक्षकी शाळेत कुणाचं श्रेय कुणाला हा प्रश्न उरतोच.

---

रेघोटी

मूल्यमापनाचा एक उलटा परिणाम अमेरिकेत नोंदलाय. तिथे सक्तीच्या चाचण्या तिसरीपासून. मायामीच्या शाळांच्या अभ्यासात (ग्रिसम, कॅलोग्रिडीस, लोब, २०१७) दिसलं, की मुख्याध्यापक चाचणीच्या इयत्तांतले कमी प्रभावी शिक्षक खाली किंडरगार्टन ते दुसरीकडे सरकवतात. त्यात नुकसान त्या खालच्या वर्गांचं होतं. आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला शाळेतला हुकमी शिक्षक आणि पहिलीला नवखा किंवा वर्षाअखेर बदलीवर जाणारा, ही वाटणी याच जातीची. शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत यावर कुणी बोलत नाही, कारण पहिलीचा निकाल कुणी विचारत नाही.

---

तिसरीघंटा

मुलींच्या गणितासाठी एक छोटा पण बोलका अभ्यास आहे, २०१० चा, सियान बीलॉक आणि सहकाऱ्यांचा. पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका, ११७ मुलं. ज्या बाईंना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या मुलींनी वर्षअखेर 'गणित मुलांचं, वाचन मुलींचं' हे मत जास्त उचललं, आणि ज्यांनी ते उचललं त्या मुलींचे गणिताचे गुण घसरले. मुलग्यांवर परिणाम दिसला नाही. नमुना लहान आहे, त्यावर धोरण उभारू नये. पण वर्गात 'माझंही गणित कच्चंच होतं गं' हे लाडाने बोललेलं वाक्य टाळायला काही खर्च येत नाही.

---

मोरपीस

खडू_फळा सर, एक राहिलं. मुलगी दुसरीत जाईल तेव्हा बाई बदलणार. 'तीन महिने थांबवून ठेवणं' टाळायला काही करता येतं का?

---

खडू_फळा

सर्वांत सोपं म्हणजे पहिलीच्या बाईंनीच वर्ग वर न्यायचा, निदान दुसरीपर्यंत. संचमान्यता (पटावरून शिक्षकपदं ठरवणं) आणि बदल्यांच्या गोंधळात ते जमत नसेल तर एप्रिलअखेर एका पानाची हस्तांतर नोंद. मुलाच्या नावापुढे पाच रकाने: वाचन-पातळी (वरच्या चारांपैकी), अडलेली स्वरचिन्हं आणि अक्षरं, ऐकून लिहिता येणारी संख्या कुठवर, हातच्याची वजाबाकी काड्यांनी की वहीत, आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेची. जूनमध्ये शाळा उघडली की दुसऱ्या आठवड्यात दुसरीच्या शिक्षकाने हेच पुन्हा तपासायचं. सुट्टीत थोडं घसरलेलं असणारच. मग वर्गाचे तीन गट पाडून रोज ४० मिनिटं पातळीप्रमाणे, बाकी वेळ एकत्र. तुम्ही पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत ही नोंद मागू शकता.

---

अंकगणेश

त्या नोंदीत सहावा रकाना घालू नका, 'शेरा' नावाचा. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोझेन्थल-जेकबसन प्रयोगात शिक्षकांना सांगितलं होतं की ही ठरावीक मुलं लवकरच चमकणार. नावं खरं तर चिठ्ठ्या टाकून काढलेली. पहिली-दुसरीत त्यांची वाढ जास्त दिसली. प्रयोगावर टीका भरपूर झाली, पण १९८४ मध्ये रॉडेनबुश यांनी तसल्या प्रयोगांचे निकाल एकत्र पाहिले तेव्हा एक गोष्ट निघाली: शिक्षक मुलांना आधी दोन आठवड्यांहून जास्त ओळखत असेल तर असल्या सांगण्याचा परिणाम जवळजवळ राहत नाही. म्हणजे शाळा उघडल्यावरचे पहिले दोन आठवडे जोखमीचे. 'मंद', 'घरून लक्ष नाही' असलं काही त्या काळात नव्या शिक्षकाच्या हातात पडता कामा नये.

---

मोरपीस

धन्यवाद. 'किनाप' आजच विचारलं. 'कनाप' म्हणाली.

---

खडू_फळा

मग वेलांटी नजरेतून सुटतेय. कि, मि, नि, गि, लि एवढ्याच पाच चिठ्ठ्या करा, त्यात क, म, न, ग, ल मिसळा आणि रोज पाच मिनिटं भराभर उचलायला लावा. आठवड्याने काना-वेलांटी एकत्र, आणि त्यानंतर दीर्घ वेलांटी. उकाराला तोवर हात लावू नका.